सायटिक नसेचा न्यूरायटिस आणि व्हीएची टक्केवारी: २० वर अडलेले रेटिंग पुढे कसे सरकते

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान अमेरिकी लष्करात होते. सेवेत असताना कमरेला दुखापत झाली आणि पुढे डाव्या पायाच्या सायटिक नसेला दाह, म्हणजे न्यूरायटिस, असल्याचे निदान झाले. व्हीएने, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने, अपंगत्वाचे रेटिंग म्हणून कमरेसाठी ४० टक्के आणि डाव्या पायासाठी कोड ८६२० (व्हीएच्या कोष्टकातला आजाराचा क्रमांक) खाली २० टक्के दिले. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टने टिपणात ‘तीव्र, सततची वेदना’ असे स्पष्ट लिहिलेले असताना व्हीएच्या निर्णयात मात्र ‘मध्यम’ म्हटले आहे. पत्राला सात महिने झाले आहेत, गोदामातली नोकरी सुटली आहे, आणि आता ६० टक्क्यांसाठी अपील करावे का, केले तर हातचे २० टक्केही जाण्याची भीती आहे का, हे तुम्हाला हवे आहे. सी अँड पी तपासणीच्या, म्हणजे दाव्यासाठी व्हीएने करवून घेतलेल्या वैद्यकीय तपासणीच्या, अहवालातल्या ज्या ओळी तुम्ही उतरवून दिल्यात त्यांच्यामुळे उत्तर देणे खूप सोपे झाले. त्या अशा आहेत: घोट्याचा रिफ्लेक्स उजवीकडे २+ (सामान्य), डावीकडे १+ (मंद), डावे पाऊल वर उचलण्याची ताकद ५ पैकी ४, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलावर संवेदना कमी, सततची वेदना तीव्र, स्नायूंची झीज नाही, आणि शेवटी नसेच्या एकूण स्थितीपुढे ‘मध्यम’ या चौकटीत खूण.

मी व्हीएकडे माजी सैनिकांचे दावे चालवणारा मान्यताप्राप्त क्लेम्स एजंट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे उपचारांविषयी मी बोलणार नाही. पण या कागदांवरून माझे मत स्पष्ट आहे. आजच्या नोंदींवर पायासाठी ६० टक्के मिळणे अवघड आहे. ४० टक्के मात्र मागण्यासारखे आहेत, आणि ते नीट मागितले तर मिळण्यासारखेही आहेत. ६० चा मार्ग बंद झालेला नाही, पण तो ज्या एका नोंदीतून जातो ती नोंद अहवालात मापे घेऊन झालेली नाही.

खरी अडचण अशी आहे की आपण सगळे वेदनेच्या तीव्रतेवरून विचार करतो आणि व्हीएचे कोष्टक तसा विचार करत नाही. माणूस रात्रभर तळमळतो, औषधांनी दिवसभर गुंगीत असतो, आणि तरी टक्केवारी कमी येते, तेव्हा घरच्यांना वाटते की डॉक्टरांच्या शब्दावर कोणी विश्वासच ठेवला नाही. बहुतेक वेळा तसे नसते. न्यूरायटिससाठीचा नियम संघीय नियमावलीच्या ३८व्या शीर्षकात ४.१२३ या क्रमांकाखाली आहे. त्यात चार गोष्टी एका ओळीत येतात: रिफ्लेक्स नाहीसे होणे, स्नायूंची झीज, संवेदनांतील बिघाड, आणि सततची वेदना, जी कधीकधी असह्य असते. ही लक्षणे असलेल्या न्यूरायटिसचे रेटिंग त्या त्या नसेच्या दुखापतीच्या कोष्टकावरून करायचे आणि त्याची कमाल मर्यादा ‘तीव्र अपूर्ण पक्षाघात’ इतकी, असे तो नियम सांगतो. नियमाच्या भाषेत हे शारीरिक बदल नसतील, तर कमाल मर्यादा खाली येते: बहुतेक नसांसाठी ‘मध्यम’, आणि फक्त सायटिक नसेसाठी ‘मध्यम ते तीव्र’. म्हणजे वेदना ही चारांपैकी एक आहे. ती कितीही मोठी असली तरी एकटीने वरच्या पायरीवर नेत नाही.

आता सायटिक नसेच्या पायऱ्या पाहू. मूळ कोड ८५२०. सौम्य अपूर्ण पक्षाघाताला १० टक्के, मध्यमला २०, मध्यम ते तीव्रला ४०, आणि तीव्रला ६०. या ६० च्या पुढेच ‘स्नायूंच्या ठळक झिजेसह’ असे शब्द आहेत. पूर्ण पक्षाघाताला ८० टक्के. त्यात पाऊल लोंबते, गुडघ्याखालच्या स्नायूंची हालचाल करता येत नाही, आणि गुडघा वाकवण्याची शक्ती क्षीण होते. हेच कोष्टक न्यूरायटिससाठी ८६२० आणि न्यूराल्जियासाठी (नसेच्या वाटेने होणाऱ्या वेदनेसाठी) ८७२० या क्रमांकांनी वापरले जाते. ६० चे शब्द तुम्ही स्वतः वाचलेत की लक्षात येईल की ज्या अहवालात ‘झीज नाही’ अशी खूण आहे, त्याच्या आधारावर कोणताही अधिकारी ६० लिहिणार नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या ‘तीव्र’ या शब्दाने तो अडथळा दूर होत नाही, कारण त्यांनी वेदनेला तीव्र म्हटले आहे आणि कोष्टक नसेच्या कार्यातल्या हानीला तीव्र म्हणते.

मग २० च का? ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ या शब्दांची व्याख्या नियमांत कुठेही दिलेली नाही. तेथे अधिकाऱ्याचा निवाडा चालतो, आणि म्हणूनच तेथे युक्तिवादाला जागा आहे. एक सूचना मात्र कोष्टकाच्या सुरुवातीलाच आहे: बिघाड केवळ संवेदनांपुरता असेल तर रेटिंग सौम्य, फार तर मध्यम द्यावे. बधिरपणा, मुंग्या, जळजळ आणि वेदना एवढेच असेल तर सायटिक नसेला २० च्या पुढे जाणे त्यामुळे फार कठीण होते. तुमच्या यजमानांच्या निर्णयपत्रात कारणांच्या परिच्छेदात काय लिहिले आहे ते एकदा बारकाईने पाहा. मला दाट शंका आहे की तेथे वेदना आणि बधिरपणाचाच उल्लेख असेल आणि ताकद ४/५ व रिफ्लेक्स १+ या दोन नोंदींचा विचार झाल्याचे दिसणार नाही. तसे असेल तर तुमच्या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. पाऊल उचलण्याची ताकद कमी होणे हे संवेदनेचे लक्षण नाही, ते स्नायूंच्या हालचालीचे लक्षण आहे. आणि दोन बाजूंच्या रिफ्लेक्समधला फरक तपासणाऱ्याने हातोडी मारून पाहिलेला असतो, तो रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो. या दोन नोंदी असताना बिघाड ‘केवळ संवेदनांचा’ राहत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ लोक याच्यापुढे उडी मारून म्हणतात की केवळ संवेदनांचा बिघाड नसेल तर मध्यमपेक्षा जास्त द्यायलाच हवे. माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये मिलर विरुद्ध शुल्किन या प्रकरणात हा अर्थ नाकारला आहे. ती सूचना केवळ संवेदनांच्या बिघाडाला वरची मर्यादा घालते. हालचालीचे लक्षण दिसले की आपोआप वरची पायरी मिळते असा तिचा अर्थ होत नाही. म्हणून ४/५ आणि १+ दाखवून थांबता येत नाही. त्या नोंदींमुळे रोजच्या जगण्यात काय अडते हे जोडून दाखवावे लागते. नियम ४.७ तुमच्या बाजूने आहे: दोन पायऱ्यांमध्ये संभ्रम असेल आणि एकूण चित्र वरच्या पायरीच्या अधिक जवळ जात असेल तर वरची द्यावी. नियम ४.२१ सुद्धा आहे, जो सांगतो की प्रत्येक रुग्णात सगळीच लक्षणे दिसतील अशी अपेक्षा धरू नये. आणि पुरावा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असेल तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला, हे तर कायद्यातच आहे.

कोडविषयीही विचार करण्यासारखे आहे. कमरेच्या मणक्यातून निघणारी नस दबल्यामुळे जे होते त्याला डॉक्टर बहुधा रॅडिक्युलोपॅथी म्हणतात, आणि व्हीए ते अनेकदा थेट ८५२० खाली धरते. ८६२० खाली धरले की ४.१२३ च्या मर्यादा लागू होतात; ८५२० खाली त्या लागत नाहीत. ज्याच्या पायात ताकदीची घट नोंदलेली आहे त्याच्यासाठी ८५२० अधिक चपखल आहे, असे मी अर्जात एका वाक्यात तरी लिहितोच. एकाच नसेला दोन्ही कोडांखाली वेगवेगळी टक्केवारी मात्र मिळत नाही, कारण एकाच लक्षणाची दुहेरी मोजणी ४.१४ ने वर्ज्य आहे.

वेगळ्या नसेची गोष्ट वेगळी. तुम्ही जाता जाता लिहिले आहे की त्यांच्या मांडीच्या पुढच्या भागातही बधिरपणा असतो. सायटिक नस मांडीच्या मागून खाली जाते. मांडीचा पुढचा भाग फेमोरल नसेचा. तिचा कोड ८५२६ आहे आणि पायऱ्या १०, २०, ३० आणि ४० अशा आहेत. अहवालात फेमोरल नसेपुढे ‘सामान्य’ अशी खूण असेल आणि मांडीच्या पुढच्या भागाची संवेदना तपासलेलीच नसेल, तर हा मुद्दा न्यूरॉलॉजिस्टपुढे जरूर मांडा. त्यांनी तपासून नोंद केली तर ते स्वतंत्र रेटिंग होऊ शकते. त्यांना तसे आढळले नाही तर तो मुद्दा सोडून द्यावा.

आता झिजेकडे येतो, कारण ६० चा सगळा प्रश्न तिथे अडकला आहे. अहवालाच्या छापील नमुन्यात, ज्याला डीबीक्यू म्हणतात, स्नायूंची झीज आहे का असा प्रश्न असतो. ‘होय’ म्हटल्यास निरोगी बाजूचा आणि झिजलेल्या बाजूचा घेर सेंटीमीटरमध्ये लिहायचा असतो. ‘नाही’ म्हटले की मापे लिहावी लागत नाहीत. घाईच्या तपासणीत नजरेने पाहून ‘नाही’ अशी खूण होणे सहज शक्य आहे, विशेषतः रुग्णाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असेल तर. मी माझ्या अशिलांना सांगतो की न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून टिपणात लिहिण्याची स्पष्ट विनंती करा. मोजण्याची रीत साधी आहे. रुग्णाने पाय सैल सोडून झोपायचे, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून दोन्ही पायांवर सारख्याच अंतरावर, समजा १० सेंटीमीटरवर, पेनाने खूण करायची, आणि टेप न आवळता त्या खुणेवर घेर घ्यायचा. अंतर टिपणात लिहिलेले असले की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी मोजता येते. एखाद्या सेंटीमीटरचा फरक निरोगी माणसातही असतो, तेव्हा तेवढ्यावर कोणी झीज मानणार नाही. फरक त्याहून बराच असेल, आणि डॉक्टरांनी तो नसेच्या आजारामुळे आहे असे लिहिले, तर चित्र बदलते. घरी तुम्ही मोजून पाहिलेत तरी हरकत नाही, पण ते माप फक्त तुमच्या माहितीसाठी. व्हीएपुढे डॉक्टरांचेच माप जावे.

ईएमजीबद्दल, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या विद्युत चाचण्यांबद्दल, तुम्ही विचारले होते, की नसांच्या वहनाची चाचणी ‘सामान्य’ आली म्हणून दावा पडेल का. नाही. मणक्याजवळ नसेचे मूळ दबलेले असेल तर संवेदनेची वहनचाचणी बहुतेकदा सामान्यच येते, कारण दाब ज्या जागी असतो ती जागा संवेदी पेशींच्या गाठीच्या आत, मज्जारज्जूच्या बाजूला असते, आणि गाठीपासून पायाकडे जाणारा तंतू शाबूत राहतो. अशा रुग्णात सुई घालून केलेली स्नायूंची चाचणी अधिक बोलकी असते, आणि तिच्यातले बदलही दुखापतीनंतर साधारण तीन आठवड्यांनी दिसू लागतात. तेव्हा ‘सामान्य’ हा शब्द कोणत्या चाचणीपुढे आहे ते पाहा. न्यूरॉलॉजिस्टने दोन वाक्यांत हे समजावून लिहिले तर रेटिंग करणाऱ्या अधिकाऱ्याला, जो स्वतः डॉक्टर नसतो, त्याचा मोठा उपयोग होतो.

न्यूरॉलॉजिस्टकडून नेमके काय लिहून घ्यावे? ‘रुग्णाला फार त्रास आहे’ अशी पत्रे फाइलमध्ये पडून राहतात. व्हीएच्या संकेतस्थळावर परिघीय नसांचा डीबीक्यू नमुना खुला आहे. तोच त्यांनी भरावा. सततची वेदना, अधूनमधून येणारी वेदना, मुंग्या किंवा जळजळ, आणि बधिरपणा या चारांची तीव्रता प्रत्येक पायासाठी वेगळी, प्रत्येक हालचालीची ताकद शून्य ते पाच, गुडघा व घोट्याचे रिफ्लेक्स, संवेदना कोणत्या पट्ट्यात कमी, त्वचेतले व केसांतले बदल, चाल. पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद वेगळी पाहिली जावी, कारण कमरेच्या पाचव्या नसेच्या मुळाची हानी पुष्कळदा आधी तिथे दिसते आणि फक्त घोटा तपासला तर ती निसटते. शेवटच्या चौकटीत त्यांनी ‘मध्यम ते तीव्र’ अशी खूण केली तर त्याखाली कारण लिहावे: ताकदीची घट, रिफ्लेक्समधला फरक, आणि त्यामुळे चालण्यावर व उभे राहण्यावर आलेली मर्यादा. कारणाशिवाय केलेल्या खुणेला वजन कमी मिळते, आणि ते रास्तही आहे.

तुमचे स्वतःचे निवेदन याला जोडायला हवे. पत्नीने डोळ्यांनी पाहिलेले सांगणे हा ग्राह्य पुरावा आहे. निदान करणे तेवढे डॉक्टरांवर सोडायचे. ‘ते फार सहन करतात’ असे लिहू नका. तुम्ही प्रश्नात लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली: घरात चालताना डाव्या पायातली चप्पल मागे राहते आणि चार पावले गेल्यावर खाली पाहिल्यावरच ती निसटल्याचे त्यांना कळते. बधिरपणा आणि पाऊल न उचलणे ही दोन्ही लक्षणे या एका वाक्यात आली आहेत, आणि तपासणीच्या खोलीत हे कोणालाही दिसले नसते. जिना उतरताना ते काय धरतात, गाडी किती वेळ चालवू शकतात, रात्री किती वेळा उठतात, गोदामातले काम नेमके कोणत्या कारणाने सुटले, हे असेच साध्या शब्दांत, शक्य तेथे महिना-वर्ष घालून लिहा. त्यासाठी २१-१०२१० हा अर्ज आहे. मराठी कुटुंबांत दुखणे कमी करून सांगण्याची सवय असते आणि सैनिकांत ती दुप्पट असते. तपासणीच्या दिवशी ‘ठीक आहे, चालते’ असे म्हटलेले वाक्य अहवालात तसेच्या तसे उतरते.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, ४० साठी लागणारा बराचसा पुरावा फाइलमध्ये आहे पण तो तोलला गेलेला नाही. ६० साठी लागणारी झिजेची मापे फाइलमध्ये नाहीत. कोणता मार्ग धरावा हे यावरूनच ठरते.

१९ फेब्रुवारी २०१९ पासून निर्णयाला आव्हान देण्याचे तीन मार्ग आहेत. हायर-लेव्हल रिव्ह्यूमध्ये वरिष्ठ अधिकारी जुन्याच फाइलवर पुन्हा निर्णय करतो. नवा पुरावा चालत नाही, पण फोनवर मुद्दे मांडायची संधी मागता येते. सप्लिमेंटल क्लेममध्ये नवा आणि संबंधित पुरावा द्यावा लागतो. तिसरा मार्ग व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपिलाचा, तो सहसा सर्वांत लांबतो. तुम्हाला फक्त ४० पुरेसे असतील आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळ लवकर मिळत नसेल, तर हायर-लेव्हल रिव्ह्यू योग्य. माझा कल मात्र सप्लिमेंटल क्लेमकडे आहे, कारण तुमच्याकडे नवीन तपासणी, फेमोरल नसेचा मुद्दा आणि तुमचे निवेदन असे तिन्ही येऊ शकते. त्यावरचा निर्णय पटला नाही तर त्यानंतर एका वर्षाच्या आत हायर-लेव्हल रिव्ह्यू मागता येतो. प्रत्येक पायरीवर ही एक वर्षाची मुदत पाळली तर मूळ दाव्याची तारीख टिकते. तुमचे सात महिने गेले आहेत, पाच उरले आहेत. पत्रावरच्या तारखेपासून मोजा, पत्र हाती आले त्या दिवसापासून नव्हे. मुदत हुकली तरी वाढीव टक्केवारीचा दावा पुढे कधीही करता येतो, पण मग मागची थकबाकी बहुतांशी हातची जाते.

तारखेबाबत आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. ४० टक्के मूळ तारखेपासून मिळणे शक्य आहे, कारण त्याचा आधार असलेली तपासणी त्या काळातलीच आहे. झीज मात्र आता पहिल्यांदा मोजली गेली तर ६० टक्के त्या मोजणीच्या सुमारापासून लागू होतील आणि आधीच्या काळाला ४० राहील, अशी टप्प्याटप्प्याची टक्केवारी व्हीए देऊ शकते. ते नियमाला धरून आहे.

हातचे जाण्याची भीती. ती पूर्ण निराधार नाही, पण तुमच्या प्रकरणात मला ती कमी वाटते. हायर-लेव्हल रिव्ह्यूमधला अधिकारी केवळ मतभेद म्हणून टक्केवारी खाली आणू शकत नाही. त्यासाठी आधीच्या निर्णयात स्पष्ट आणि निर्विवाद चूक असावी लागते. नव्या तपासणीत सुधारणा दिसली तर कपातीचा प्रस्ताव येऊ शकतो. पण त्यामुळे चालू रक्कम कमी होणार असेल तर आधी लेखी सूचना द्यावी लागते, पुराव्यासाठी ६० दिवस मिळतात, आणि ३० दिवसांत सुनावणी मागता येते. शिवाय सुधारणा तपासणीच्या खोलीपुरती असून चालत नाही, ती रोजच्या जगण्यात आणि कामात दिसायला हवी. पाच वर्षे स्थिर राहिलेल्या रेटिंगला अधिक संरक्षण असते, ते तुम्हाला अजून मिळालेले नाही. कमरेच्या ४० टक्क्यांचा आधार काय आहे हे मात्र पाहून घ्या. तो पुढे वाकण्याच्या अंशांवर असेल आणि अलीकडे वाकणे बरेच सुधारले असेल, तर अर्ज करण्याआधी कोणा जाणकाराशी बोला.

टक्केवारीचे गणित पुष्कळांना फसवते, म्हणून ते मांडतो. व्हीए बेरीज करत नाही. पहिल्या टक्केवारीनंतर जे उरते त्यावर दुसरी लावते. आज कमरेचे ४० आहेत, उरले ६०, त्याचे २० टक्के म्हणजे १२, एकूण ५२, आणि जवळच्या दहाच्या पटीत ५०. पायाचे ४० झाले तर उरलेल्या ६० चे २४, एकूण ६४, म्हणजे ६०. पायाचे ६० झाले तर एकूण ७६, म्हणजे ८०. वर वर पाहता २० वरून ४० ही झेप एकूण आकड्यात दहाचाच फरक करते आणि लोक म्हणतात, एवढ्यासाठी कशाला. पण तुमच्या यजमानांची नोकरी सुटली आहे, आणि तिथे हे दहा फार मोलाचे आहेत. बेरोजगारीच्या कारणावरून शंभर टक्क्यांच्या दराने भत्ता मिळण्याची जी तरतूद आहे, जिला टीडीआययू म्हणतात, तिच्यासाठी एकच अपंगत्व किमान ६० टक्क्यांचे असावे लागते, किंवा एकूण ७० आणि त्यातले एक ४० चे. एकाच मूळ कारणातून आलेली अपंगत्वे यासाठी एकच धरली जातात, असे नियम ४.१६ सांगतो. पायाचा आजार कमरेतून आला आहे हे व्हीएने मान्य केलेच आहे. म्हणजे कमर आणि पाय मिळून ६० झाले की पहिली अट पूर्ण होते. आजच्या ५० वर ती होत नाही. म्हणून मी म्हणतो की ६० च्या मागे लागून ४० ची मागणी कमकुवत करू नका. या कमरेच्या आणि पायाच्या आजारामुळे त्यांना पोट भरण्याइतकी नोकरी करता येत नाही हे त्यानंतरही सिद्ध करावे लागेल. त्यांचे शिक्षण, बसून करायचे काम जमते का, औषधांची गुंगी, यावर ते अवलंबून आहे. त्यासाठीचा अर्ज २१-८९४० आहे आणि तो सप्लिमेंटल क्लेमसोबतच जोडता येतो.

पैशांबाबत सावध राहा. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन यांसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी हे काम विनामूल्य करतात, आणि पहिल्या टप्प्यासाठी मी बहुतेकांना त्यांच्याकडेच पाठवतो. मान्यताप्राप्त वकील किंवा एजंट पहिला निर्णय आल्यानंतरच शुल्क घेऊ शकतो. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतचे शुल्क सर्वसाधारणपणे वाजवी धरले जाते; एकतृतीयांशापेक्षा जास्त असेल तर ते अवाजवी आहे असे गृहीत धरले जाते. जो कोणी पुढच्या महिन्यांच्या वाढीव भत्त्यातून हिस्सा मागेल, किंवा तुमचा व्हीएच्या खात्याचा पासवर्ड मागेल, त्याला दारातूनच परत पाठवा. कोणाला मान्यता आहे हे व्हीएच्या विधी विभागाच्या यादीत नाव घालून पाहता येते.

एक वैद्यकीय इशारा मात्र, डॉक्टर नसूनही, मी प्रत्येक कमर-पायाच्या अशिलाला देतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, किंवा पाऊल अचानक लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर अर्ज, मुदत सगळे बाजूला ठेवून त्याच क्षणी इमर्जन्सीत जा. तेथे तासांना महत्त्व असते.

आता पुढचे पाऊल. निर्णयपत्रात ‘अनुकूल निष्कर्ष’ असा एक भाग असतो. त्यात ताकदीची घट किंवा रिफ्लेक्सची नोंद मान्य केली आहे का ते पाहा, कारण एकदा मान्य केलेला अनुकूल निष्कर्ष पुढच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो आणि तो बाजूला सारायला स्पष्ट आणि निर्विवाद चूक दाखवावी लागते. संपूर्ण सी अँड पी अहवाल हातात नसेल तर तो आजच मागवा, आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेताना डीबीक्यू भरायचा आहे हे आधीच सांगा. अनेक दवाखाने त्यासाठी लांब भेट ठरवतात. न्यूरॉलॉजिस्टने तपासणी केल्यावर पोटरीची मापे आणि अंगठ्याची ताकद काय आली ते येथे लिहा. त्या दोन आकड्यांवरून ६० ची मागणी याच अर्जात घालावी की ४० वर थांबावे, हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकेन.